वॉफल मेकर घ्यायचाय, कुठला घेऊ? आणि घरी कुरकुरीत होतात का खरंच?

भांडुपकरीण
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लेक नववीत आहे, तिला वॉफल भयंकर आवडतो आणि आता जिथे बघावं तिथे स्टेशनाबाहेर वॉफलचं दुकान झालंय त्यामुळे क्लासहून येताना मैत्रिणींबरोबर आठवड्यातून एकदा तरी होतोच. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे तर यंदा वॉफल मेकरच घेऊन द्यावा असं मनात आहे. पण घर वन बीएचके, ओटा एवढासा, त्यावर मिक्सर आणि सँडविच टोस्टर आधीच ठाण मांडून बसलेत, त्यामुळे जे घेईन ते विचार करून घ्यायचंय. बजेट दोन-अडीच हजार. घरात आम्ही चौघं, सासूबाई अंडं खात नाहीत. भाऊ न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो दिवाळीला येताना इकडून मस्तपैकी आणतो, थांब.
मध्ये शेजारच्या वहिनींचा मशीन एक दिवस मागून आणला होता, त्यांचा तीन-तीन प्लेटावाला आहे ना, सँडविच, ग्रिल आणि वॉफल, तसला. झाकण उघडलं तर वॉफलचे दोन तुकडे, अर्धा वरच्या प्लेटला चिकटलेला आणि अर्धा खालच्या, रंग पांढराफटक. लेकीचं तोंड एवढंसं झालं. मशीनची चूक की माझी तेच कळेना. कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

रविवारचा नाश्ता
आमच्याकडे तीन प्लेटांचाच आहे, चार वर्षं झाली, सँडविचला रोज वापरतो आणि वॉफल महिन्यातून एकदा. लहान ओटा असेल तर तोच घ्या असं मी सांगेन, तुमचा जुना टोस्टर कोणाला तरी देऊन टाका म्हणजे जागा होईल. वॉफल दुकानासारखा जाड होत नाही हे खरं, पण पोरं आवडीने खातात.

खमंग
भांडुपकरीण ताई, सविस्तर लिहिते कारण मी या प्रकरणात दोन मशीन बदललेत.
सगळ्यात आधी हातात घेऊन वजन बघा. खरंच सांगते, बाकी सगळं नंतर. वॉफलला काय लागतं तर प्लेट आधीपासून कडकडीत तापलेली हवी आणि थंड पीठ ओतल्यावर ती गार पडता कामा नये. आपण घावन टाकतो तेव्हा बिडाच्या तव्यावर जशी छान जाळी पडते आणि पातळ पत्र्याच्या तव्यावर पडत नाही, अगदी तोच हिशोब. प्लेट हलकी असेल तर पीठ पडल्या पडल्या तिची हवा जाते, मग हळूहळू पुन्हा तापत बसते आणि तोवर तुमचं पीठ भाजलं न जाता नुसतं उकडतं. पांढराफटक रंग त्याचाच.
दुसरं म्हणजे वॅट. बॉक्सवर लिहिलेलं असतं. छोटा दोन चौकोनांचा असेल तर ७००-७५० वॅट चालतात, पण मोठा गोल किंवा चार चौकोनांचा घेत असाल तर १००० च्या खाली जाऊ नका. आकार मोठा आणि वॅट कमी असा माल बाजारात भरपूर आहे, दिसायला मोठा म्हणून लोक घेतात आणि फसतात. माझा पहिला मशीन तसाच होता, सेलमध्ये ऑनलाइन घेतलेला, हार्टचा आकार होता म्हणून भुलले. एका वॉफलला बारा मिनिटं लागायची आणि तरी मऊच.
तिसरं, खड्ड्यांची खोली. ज्याला बेल्जियन म्हणतात त्याचे खड्डे खोल असतात, वॉफल जाड होतो, बाहेरून कडक आणि आतून मऊ. उथळ प्लेटांचा पातळ होतो आणि बिस्किटासारखा पूर्ण कुरकुरीत होऊ शकतो. दोन्ही चांगले. तीन-तीन प्लेटावाल्यांमध्ये बहुतेक वेळा उथळच मिळतो. तुमच्या लेकीला दुकानातला आवडत असेल तर तिला खोलच हवा असणार, तेव्हा तिला विचारून घ्या.
आणि हो, बाजूने पन्हाळीसारखी खोबण आहे का बघा, जास्तीचं पीठ तिच्यात साठतं. नसेल तर ते वाहत जाऊन बिजागरीत शिरतं, तिथून काढता येत नाही, आणि मग मुंबईतली झुरळं काय ते तुम्हाला माहितीच आहे. प्लेटा सुट्या निघत असतील तर उत्तमच, पण त्या मशीनची किंमत बजेटच्या वर जाऊ शकते. उभा ठेवता येतो का तेही विचारा, तुमच्या ओट्याला ते फार उपयोगी पडेल.
गोल फिरवायचा, म्हणजे हँडल धरून उलटा करायचा मशीन असतो तो हॉटेलच्या नाश्त्याला बघितला असेल. त्याने पीठ वरच्या प्लेटला पण नीट लागतं म्हणून दोन्ही बाजू सारख्या होतात. पण जागा खातो, तुम्ही त्याच्या नादी लागू नका.

तारवाला
वायरिंगच्या धंद्यात २२ वर्षं आहे म्हणून फक्त विजेचं बोलतो, पाककृतीतलं मला काही कळत नाही.
ताई, भावाला आधी फोन करून नाही सांगा. अमेरिकेत घरात १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. तिकडचा मशीन इकडे थेट लावला तर व्होल्टेज दुप्पट नाही पण जवळजवळ दुप्पट, आणि तापणारी कॉइल जी वीज ओढते ती व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने वाढते, म्हणजे साडेतीन पटीच्याही वर. १००० वॅटचा मशीन साडेतीन हजाराच्या वर खेचेल, काही सेकंदात कॉइल जाईल नाहीतर धूर. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, पण १००० वॅटचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे चांगला जड डबडा, तो ओट्यावर ठेवणार कुठे? लोक मोबाइलच्या चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं बघतात आणि समजतात की सगळ्याच वस्तू तशा असतात. गरम होणाऱ्या बहुतेक वस्तू तशा नसतात.
इथला १००० वॅटचा मशीन साधारण साडेचार अँपिअर घेतो. म्हणजे घरातला साधा ६ अँपिअरचा सॉकेट पुरतो, गीझरवाला मोठा लागत नाही. पण त्याच सॉकेटवर मल्टिप्लग लावून मिक्सर आणि इंडक्शन सोबत चालवू नका, तिथेच तारा वितळतात, मी हजारदा बघितलंय. तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग चालू हवंच, कारण ओटा म्हणजे पाणी आलंच. आयएसआयचं चिन्ह बघून घ्या. जुन्या बिल्डिंगीत असाल तर एकदा अर्थिंग तपासून घ्या, टेस्टर घेऊन कोणीही इलेक्ट्रिशियन पाच मिनिटांत सांगेल.
अजून एक. व्होल्टेज कमी झालं की हाच वर्गाचा हिशोब उलटा लागतो. २३० चे २०० झाले तर मशीन पाऊणच ताकद देतो. काही एरियात संध्याकाळी सगळ्यांचे एसी चालू झाले की व्होल्टेज पडतं. तेव्हा सकाळी छान होतो आणि रात्री होत नाही असं झालं तर पिठाला दोष देऊ नका.
विजेच्या बिलाची काळजी असेल तर १००० वॅट अर्धा तास म्हणजे अर्धा युनिट, आणि थर्मोस्टॅट मध्ये मध्ये बंद होतो म्हणून त्याहूनही कमीच.

भांडुपकरीण
तारवाला दादा, मनापासून आभार. भावाला लगेच मेसेज केला, तो ऑर्डर देणारच होता!
खमंग ताई, तुमचं घावनाचं उदाहरण एकदम डोक्यात बसलं. पण मग मला प्रश्न पडला की गॅसवरचा लोखंडी मिळत असेल तर तोच का घेऊ नये, प्लगचा प्रश्नच मिटला? आणि तो दोन तुकडे होण्याचा प्रकार काय असतो?

गिरगावचा नाना
गॅसवरचा मी वापरतो म्हणून लिहितो. मुळात वॉफलचा साचा विस्तवावरचाच. युरोपात लांब दांड्यांचा लोखंडी चिमटा असायचा, दोन पाती आणि मध्ये पीठ, तो चुलीत धरायचे. पुढे अमेरिकेत कॉर्नेलियस स्वार्टवाउट नावाच्या माणसाने शेगडीवर ठेवून फिरवता येईल असा साचा काढला आणि त्याचं पेटंट २४ ऑगस्ट १८६९ ला मिळालं, म्हणून तिकडे २४ ऑगस्टला वॉफलचा दिवस पाळतात. विजेचा नंतर आला.
माझ्याकडचा बिडाचा आहे, दोन्ही पाती मिळून चांगलंच वजन भरतं. चव अप्रतिम येते, कडा अशा खरपूस होतात की विजेच्या मशीनवर तशा मी अजून खाल्लेल्या नाहीत. पण ताई, तुम्हाला सांगणार नाही घ्या म्हणून. त्याला पहिले पंधरा दिवस तेल लावून लावून बिडाच्या तव्यासारखा मुरवावा लागतो, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात पीठ अडकतं. मग दोन्ही बाजू सारख्या तापवायला दर मिनिटाला उलटा करायचा, तो जड, हँडल तापतं, नववीतल्या मुलीच्या हाती देण्यासारखं नाही. आणि धुतल्यावर ओला राहिला की पावसाळ्यात एका रात्रीत गंज. वाढदिवसाची भेट आहे, तिला स्वतःला करता आलं पाहिजे. विजेचाच घ्या.

परतलेली पवईत
मी तीन वर्षं बेल्जियममध्ये गेन्टला होते, तेव्हा थोडं बेल्जियन या शब्दाबद्दल, कारण दुकानदार काहीही सांगतात.
तिथे एकच एक बेल्जियन वॉफल असा नाहीये. एक ब्रसेल्सचा, चौकोनी, हलका, यीस्टवर फुगवलेलं पातळ पीठ, खड्डे खोल. दुसरा लिएजचा, त्याचं पीठ ओतायचं नसतं, ब्रेडसारखा मळलेला गोळा असतो, बटर भरपूर आणि आत साखरेचे मोठे खडे घालतात ते पूर्ण विरघळत नाहीत, प्लेटला लागून त्यांचा कॅरॅमल होतो आणि बाहेरून करकरीत कवच येतं. रस्त्यावर गाडीवर कागदात धरून चालता चालता खातात, थंडीत हात पण शेकले जातात. अमेरिकेत ब्रसेल्सच्या प्रकारचे वॉफल १९६२ च्या सिएटलच्या आणि १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात गेले, वर क्रीम आणि स्ट्रॉबेरी घालून, आणि तिथून बेल्जियन वॉफल हे नाव जगभर झालं. म्हणजे आपल्याकडे आलेला प्रकार हा अमेरिकेमार्गे आलेला आहे आणि त्यात यीस्टच्या जागी बहुतेक जण बेकिंग पावडर घालतात.
मला लिएजचा फार आठवतो म्हणून घरी करते. तो खास साखरेचा खडा इथे सहज मिळत नाही, मी शुगर क्यूब खलबत्त्यात भरड कुटते आणि पीठ फुगून आल्यावर शेवटी मिसळते. खडीसाखर घालून बघितली होती, ती नाही चालत, विरघळतच नाही आणि दाताखाली खटकन येते. पण हा प्रकार नवीन मशीनवर पहिल्याच दिवशी करू नका, जळलेली साखर खड्ड्यात बसली की काढताना जीव जातो.

खमंग
आता दोन तुकडे का होतात ते. ताई, तुम्ही लवकर उघडलंत. बस, एवढंच. आतलं पीठ अजून ओलं असतं, दोन्ही बाजूंचा पापुद्रा आपापल्या प्लेटला धरून असतो आणि झाकण वर गेलं की मधून फाटतो. थांबला असतात तर तोच वॉफल स्वतःहून सुटला असता.
किती थांबायचं ते घड्याळावर बघू नका आणि दिव्यावर तर अजिबातच नको. वाफ बघा. पीठ घातल्यावर बाजूने भसाभसा वाफ येते, ती हळूहळू कमी होते आणि शेवटी जवळजवळ थांबते. जोवर पाणी आहे तोवर पिठाचा तो भाग १०० अंशांवर अडकून राहतो, आणि तांबूस रंग आणि खरपूस वास यायला साधारण १४०-१५० च्या पुढे जावं लागतं. म्हणजे वाफ संपल्याशिवाय रंग येणारच नाही. माझ्या मशीनवर पाच ते सहा मिनिटं लागतात. वाफ थांबली की अगदी हलक्या हाताने झाकण उचलून बघायचं, जरा जरी धरून आहे असं वाटलं तर सोडून द्यायचं आणि अजून एक मिनिट.
हिरवा दिवा लागला की लगेच पीठ ओतायचं हीसुद्धा सगळ्यांची चूक. तो दिवा सेन्सरपाशी तापलं एवढंच सांगतो, अख्खी प्लेट नाही. तो लागल्यावर आणखी पाच मिनिटं तापू द्या.
आता माझं प्रमाण, चार लहान वॉफलचं. पाऊण कप मैदा, पाव कप कॉर्नफ्लोअर, अर्धा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खायचा सोडा, अर्धा चमचा मीठ, दीड चमचा साखर. चमचा म्हणजे चहाचा, सपाट. दुसऱ्या भांड्यात अर्धा कप दही आणि अर्धा कप दूध घुसळून, त्यात एक अंडं आणि एक तृतीयांश कप तेल. ओलं कोरड्यात घालून नुसतं कालवायचं, घोटायचं नाही, गुठळ्या राहिल्या तर राहू देत. वीस मिनिटं झाकून ठेवायचं.
कॉर्नफ्लोअर घातल्याने ग्लूटेन कमी होतं आणि वरचा थर कडक येतो, तो वगळू नका. तेल बघून घाबरू नका, तेलानेच तो सुटतो. बटर घालायचं तर घाला, चव छान येते, पण बटरमध्ये थोडं पाणी असतं म्हणून तेवढा कुरकुरीतपणा कमी. मी अर्धं तेल आणि अर्धं साजूक तूप घालते, घरात कढवलेलं असेल तर वास असा सुटतो की बिल्डिंगमधले विचारतात. आणि साखर पिठात कमीच ठेवा, गोड वरून घ्या, जास्त साखर म्हणजे रंग लवकर येतो, आपल्याला वाटतं झाला आणि आत कच्चा.

पार्ल्याची लेक
अंड्याशिवायचं मी सांगते, आमच्याकडे सगळे बिनअंड्याचेच होतात. खमंग यांचंच प्रमाण घ्यायचं, अंडं वगळायचं, एक मोठा चमचा तेल जास्त आणि दोन-तीन मोठे चमचे दूध जास्त. सोडा ताजा हवा, डब्यात वर्षभर पडलेला नको, लिंबाच्या रसात चिमूटभर टाकून बघा, फसफसला तर ठीक. फरक एवढाच की अंड्याने जी पकड येते ती नसते, म्हणून हा आणखी सहज फाटतो. त्याला दोन मिनिटं जास्तच द्या.
आणि सध्या पावसाळा आहे म्हणून महत्त्वाचं. काढलेला वॉफल ताटात ठेवू नका, कुठल्याही परिस्थितीत नको आणि एकावर एक तर नकोच. खालून वाफ सुटते ती ताटाला लागून परत त्यातच शिरते आणि दोन मिनिटांत ओला पाव होतो. जाळीवर ठेवा, जाळी नसेल तर पुऱ्या निथळायची चाळणी उपडी घाला. चौघांनी एकत्र बसून खायचं असेल तर ओव्हन १०० अंशांवर लावून त्यातल्या जाळीवर ठेवत जायचं. ओव्हन नसेल तर जो झाला तो ज्याच्या पानात पडेल त्याने लगेच खायचा, थालीपिठासारखं, एकमेकांसाठी थांबायचं नाही. मुंबईच्या जुलैच्या हवेत दहा मिनिटंसुद्धा कडक राहत नाही, ते तुमच्या हाताचं अपयश नाही.
उरले तर गार करून डब्यात घालून फ्रीजरला, आणि खाताना न वितळवता थेट तव्यावर मंद आचेवर. मायक्रोवेव्ह नको, चामडं होतं.

वसईवाली
आमच्याकडे नाताळात गुलाब कुकी करतात, फुलाच्या आकाराचा पितळी साचा गरम तेलात तापवायचा, मग पिठात अर्धा बुडवायचा आणि परत तेलात. आई एकच गोष्ट सांगायची, साचा तापला नसेल तर पीठ सोडणार नाही. वॉफलचं वाचून तेच आठवलं. नवीन साच्याला ती रात्रभर तेलात ठेवायची.
मशीनबद्दल एक विचारायचं होतं, ते कुकिंग स्प्रे मिळतात ते मारले तर चालतं का, चिकटू नये म्हणून?

खमंग
वसईवाली ताई, नॉनस्टिक प्लेटला तो स्प्रे मारू नका. त्यात बऱ्याचदा लेसिथिन असतं, ते तापून चिवट पिवळसर थर बसतो आणि मग काहीही केलं तरी पुढचा प्रत्येक वॉफल तिथेच चिकटतो. सिलिकॉनच्या ब्रशने दोन थेंब साधं तेल, तेही पहिल्या वॉफलला. पिठात तेल पुरेसं असेल तर पुढच्यांना लागतही नाही.
काढायला लाकडी चमचा किंवा लाकडी सळई, काटा-सुरी नको. एकदा कोटिंगला ओरखडा गेला की खेळ संपला. आणि रिकामा मशीन चालू ठेवून फोनवर बोलत बसू नका, नॉनस्टिकचं कोटिंग २६० अंशांच्या वर खराब व्हायला लागतं, थर्मोस्टॅट धड असेल तर तेवढं तापत नाही पण स्वस्त मशीनच्या थर्मोस्टॅटवर मी तरी विसंबणार नाही.

रविवारचा नाश्ता
मैद्याचं एवढं चाललंय तर मी माझं गुपित सांगून टाकतो. आमच्या मशीनच्या वॉफलच्या प्लेटांवर सगळ्यात जास्त काय होत असेल तर थालीपीठ. भाजणी नेहमीसारखी, कांदा, कोथिंबीर, तिखट, तीळ, फक्त थापायला भिजवतो त्यापेक्षा सैल, चमच्याने पडेल इतपत, आणि त्यात दोन चमचे तेल. आठ मिनिटं. खड्ड्यांमुळे कड जिकडे तिकडे, आणि त्या प्रत्येक खड्ड्यात लोणी. थालीपिठाला आपण मध्ये भोकं पाडतो ती कशासाठी, तेल आत जाऊन सगळीकडून खरपूस व्हावं म्हणूनच ना? इथे ती आयतीच मिळतात.
इडलीचं उरलेलं तिसऱ्या दिवशीचं आंबट पीठ पण फार सुंदर होतं, दोन चमचे तांदळाची पिठी घालून. मुगाची डाळ चार तास भिजवून वाटायची, आलं, मिरची, तीही चालते. या सगळ्यात साखर नसल्यामुळे प्लेटा स्वच्छ राहतात.

गिरगावचा नाना
+१ थालीपिठाला. आणि गोड वॉफलवर ते मेपलचं महागडं सिरप आणू नका, काकवी घाला. कोल्हापूरची चांगली काकवी आणि वर घरचं लोणी. आंब्याच्या दिवसांत आमरस. खड्डे त्यासाठीच तर आहेत.

भांडुपकरीण
मंडळी, घेतला! वाढदिवसापर्यंत दम निघाला नाही. शनिवारी लेकीला घेऊन लोहार चाळीत गेले, चार दुकानं फिरलो, खमंग ताईंनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक मशीन हातात घेऊन वजन केलं. एका दुकानदाराने विचारलं, ताई सोनं घेताय का. शेवटी खोल खड्ड्यांचा दोन चौकोनांचा, ७५० वॅट, तीन पिनांचा प्लग, बाजूला खोबण आहे, उभा राहतो. प्लेटा सुट्या होत नाहीत, त्या बजेटमध्ये नव्हत्याच. दुकानदाराने प्लग लावून तापवून दाखवला, दोन्ही प्लेटांवर पाण्याचे थेंब टाकून बघितले, दोन्हीवर सारखे नाचले.
रविवारी सकाळी बाहेर धो धो पाऊस आणि आम्ही मायलेकी मशीनसमोर. अंड्याशिवायचंच केलं, पार्ल्याची लेक यांच्या प्रमाणाने. पहिला घाणा थोडा धरला, कोपरा तुटला, पण दोन तुकडे नाही झाले! लेक ओट्याला टेकून वाफ बघत उभी होती, मी दोनदा हात पुढे केला तर तिने धरला, आई थांब, अजून येतेय. दुसरा जो सुटला तो काय सांगू, झाकण उचललं तर अख्खा खालच्या प्लेटवर, सोनेरी, चमच्याने टकटक केलं तर आवाज आला. तिने तो उभ्या उभ्याच खाल्ला. मिस्टरांनी चार खाल्ले. काकवी नव्हती, गुळाचा पाक करून घातला.
आता दोन प्रश्न. प्लेटा निघत नाहीत तर साफ कसं करायचं? आणि सासूबाईंनी गोड वॉफल चाखला पण त्यांना फारसा रुचला नाही, त्या विचारतायत की एकादशीला यात उपासाचं काही होईल का.

तारवाला
अभिनंदन. साफ करताना प्लग काढून पूर्ण गार झाल्यावरच. नळाखाली अजिबात धरू नका, बिजागरीतून पाणी आत कॉइलच्या टोकांपर्यंत जातं, आणि वरून कोरडा दिसला तरी आत ओल राहते. पावसाळ्यात ती आठवडाभर सुकत नाही. कोणाच्या चुकून पाण्यात गेलाच तर लावून बघायच्या आधी दाखवून घ्या.

खमंग
वा! लेकीला शाबासकी सांगा, वाफेची वाट बघणं जमलं म्हणजे जमलंच.
साफ करायला, प्लग काढून मशीन पूर्ण गार झाल्यावर, मऊ कोरडा ब्रश फिरवायचा, पेस्ट्री ब्रश असतो तो. मग ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं. कुठे पीठ अडकलं असेल तर त्या जागी ओलं फडकं पाच मिनिटं ठेवून द्यायचं आणि मग लाकडी सळईने काढायचं. घासणी नाही. शेवटी झाकण उघडं ठेवून वाळू द्यायचं, लगेच बंद करून कपाटात नको, वास येतो.
सासूबाईंसाठी साबुदाणा. वड्याचं मिश्रण करता तसंच, भिजलेला साबुदाणा, उकडलेला बटाटा, दाण्याचं कूट, मिरची, जिरं, मीठ. दाण्याचं कूट जरा जास्त घ्या. प्लेटांना दोन्हीकडे तूप लावायचं, मिश्रण खड्ड्यांत दाबून भरायचं आणि झाकण दाबून ठेवायचं. आठ ते दहा मिनिटं लागतात, साबुदाणा पारदर्शक होऊन बाहेरून करकरीत झाला पाहिजे. पण इथे घाई केलीत तर साबुदाणा असा चिकटतो की मैदा परवडला. न तळता वडा खाल्ल्यासारखं होतं, आणि वयस्कर माणसांना तेल कमी लागतं ते बरं. एकादशीच्या आधी अंड्याचं पीठ त्यात केलेलं असेल तर मात्र सासूबाईंना आधी सांगा, कोणाकोणाला ते चालत नाही.

भांडुपकरीण
अंड्याचं अजून एकदाही केलेलं नाही, आणि आता या मशीनमध्ये करायचं नाही असं लेकीनेच ठरवलंय, आजीला चालावा म्हणून.
एकादशीला केले. दाबून ठेवायचं काम सासूबाईंनी स्वतः घेतलं, झाकणावर फडकं ठेवून त्यावर हात, पूर्ण दहा मिनिटं जागच्या हलल्या नाहीत. सोबत दाण्याची आमटी आणि वरीचा भात होता पण आधी साबुदाण्याचेच संपले. त्यांनी समोरच्या काकूंना दोन नेऊन दिले आणि आता काकू विचारतायत लोहार चाळीतलं दुकान कुठलं. उद्या भाजणी दळायला टाकतेय, रविवारचा नाश्ता दादा, तुमचं थालीपीठ या रविवारी.